तेवीस नंबरचं वजन

१४ जानेवारी, मंगळवार

आज साठावी बाई मिळाली आणि यादी बंद केली. पाठ मोडून आलीय, पण समाधान आहे.

आमच्या सांध्यांच्या दवाखान्याचे प्रमुख प्रोफ असियामा गेली दोन वर्षं एकच गोष्ट सांगत फिरतात. आमवाताच्या जाड बायकांना आठवड्याची गोळी नीट लागू पडत नाही, आणि त्या गोळी विसरतात म्हणून नव्हे. पोटावरची चरबी नुसती बसून राहत नाही. ती रक्तात हॉर्मोन सोडते. त्यातलं लेप्टिन सांध्यांतल्या निखाऱ्यांवर फुंकर घालत राहतं. मग चरबी उतरवली, लेप्टिन उतरलं, तर तीच गोळी काम करेल का? हे वर्षभर बघायचं आहे. माझ्याकडे वजन घेणं, अठ्ठावीस सांधे दाबून कुठे दुखतं कुठे सुजलंय ते मोजणं, रक्त काढणं आणि फॉर्म भरणं, दर महिन्याला. यातूनच माझी मास्टर्सची पदवी निघायची आहे. चौतिशी आली, आता नाही तर कधी.

तेवीस नंबर लक्षात राहील. नाव बिरागो, वय सत्तेचाळीस, सुआमेच्या गॅरेजांमध्ये फुफूची, उकडून कुटलेल्या कंदाच्या गोळ्यांची, खानावळ चालवते. वजन एकशेचार. छातीचा एक्स-रे स्वच्छ. मनगटं सुजून टम्म झालेली. भाऊ मुसळ मारतो आणि ही दोन घावांच्या मधे उखळात हात घालून गोळा फिरवते.

"हात आता वेळेवर मागे येत नाही, सिस्टर," म्हणाली. "परवा मुसळ नखाला चाटून गेलं. भाऊ रडला. मी नाही रडले."

मी आहाराचा कागद दिला. फुफू अर्धा, पामतेल कमी, भाज्या जास्त. तिने कागद उलटसुलट करून बघितला आणि हसली. "मी हाडकले तर मेकॅनिक म्हणतील, हिचं स्वतःचंच पोट भरत नाही, आपलं काय भरणार."

११ फेब्रुवारी

तेवीस नंबर: एकशेतीन. सांध्यांत काडीचा फरक नाही. सोळा दुखरे, अकरा सुजलेले.

मी जरा तिखट बोलले. "आँटी, गोळ्या खरंच घेता ना?" तिने कमरेची गाठ सोडली, त्यातून रिकामी पाकिटं काढली आणि माझ्या टेबलावर एकेक मांडली. चारही आठवड्यांची. मी कानकोंडी झाले, पण माफी मागायची राहिली. मागे अठरा बायका उभ्या होत्या.

प्रोफनी आठवड्याची मात्रा वाढवली, वर रोजची स्टिरॉइडची एक छोटी गोळीही दिली.

११ मार्च

शेवटी काटा हलला. तेवीस नंबर अठ्ठ्याण्णव. एका महिन्यात पाच किलो. सुजलेले सांधे अकरावरून सहा. तिने माझ्यासमोर मूठ मिटून दाखवली, अगदी पूर्ण नाही, पण मिटली.

"कसं जमवलंत?" मी विचारलं.

"भूकच नाही. दिवसभर कढईपुढे उभं राहून वासानेच पोट भरतं."

हा निश्चय सगळ्यांत असता तर. सहा नंबरची बाई दर वेळी सांगते की लग्न होतं, मयत होतं.

फॉर्म लवकर उरकायची युक्ती सापडली एकदाची. शेवटच्या पानावर सुरक्षेचे चार प्रश्न असतात: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, झोपेत घाम, कारण नसताना वजन घटणं. साठ बायकांना चार-चार म्हणजे दुपारचे तीन वाजतात. आता मी सकाळीच सगळ्यांच्या 'नाही'वर खुणा करून ठेवते. काही असलं तर बायका आपणहून सांगतातच. आमच्या बायका गप्प बसतील होय?

२२ मार्च

खरं लिहायचं तर मीही फेब्रुवारीपासून तोच कागद पाळतेय. अर्धा फुफू, तेल नाही. वजन सत्त्याऐंशीचं साडेपंच्याऐंशी. सहा आठवड्यांत दीड किलो, आणि भुकेने डोकं फिरतं. बिरागोकडून शिकलं पाहिजे.

८ एप्रिल

एक्क्याण्णव. काटा दोनदा तपासला. बरोबर आहे.

सुजलेले सांधे चार. प्रोफ स्वतः येऊन तिच्या मनगटांवरून अंगठा फिरवून गेले. जाताना मला म्हणाले, "कोनादू, ही बाई म्हणजे आपला सगळा अभ्यास आहे." आठ वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. सिस्टरच म्हणतात.

एक गोष्ट टोचतेय म्हणून लिहून ठेवते. सांधे निवले तर रक्तातला दाहाचा आकडा, ईएसआर, उतरायला हवा. तिचा चढलाय. पन्नासवरून अठ्ठ्याऐंशी. प्रोफना विचारलं. ते म्हणाले, "प्रयोगशाळेचं नवं किट आहे, चार जणींचे आकडे विचित्र आलेत. मे महिन्यात परत बघू." चार जणींचे आलेत हे खरं आहे. तरी.

ती स्वेटर घालून आली होती. बाहेर पाऊस होऊन गेला होता, पण हवा दमट, मी तर घामाने चिंब. "संध्याकाळी थंडी भरते," म्हणाली. खोकत होती. फेब्रुवारीत हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ म्हणायची, आता चुलीचा धूर म्हणते. त्या खानावळीत तीन चुली आहेत, खोकला येणारच. चादर बदलावी लागते इतका घाम येतो म्हणाली. सत्तेचाळीस वय, पाळी जायचे दिवस. मी तिला त्याबद्दल समजावून सांगितलं, ती मान हलवत राहिली.

२४ एप्रिल

आज दापा आला होता, बिरागोचा भाऊ. दवाखान्याचा दिवस नव्हता. मी साखरेच्या रोग्यांच्या जखमा बांधत होते, तो दारात टोपी हातात धरून उभा.

"सिस्टर, तुम्ही बहिणीला काय देताय?"

"का, काय झालं?"

"गिऱ्हाईक म्हणतं तिला एड्स झालाय. दोघे-तिघे तर समोरच्या बाईकडे जेवायला लागले. तोंडावर हसतात, आणि वाडगा मात्र भरलेलाच सोडून जातात."

"तिचे सांधे बघितलेत का तुम्ही? चार महिन्यांपूर्वी तिला झाकण उघडता येत नव्हतं."

"सांधे बरे आहेत, मी कुठं नाही म्हणतोय. पण ती जेवत नाही."

"आहार पाळतेय ती. कागद दिलाय मी."

"तो कागद चुलीच्या वर चिकटवलाय. तिला वाचता येत नाही, मला येत नाही. धुराने काळा झालाय. ती तुमचं काही पाळत नाही, सिस्टर. सूप पुढे ठेवतो, दोन चमचे घेते आणि वाडगा मला सरकवते."

मी म्हटलं, आँटीला सहा मेला घेऊन या, मी समजावून सांगेन. खरं तर मला राग आला होता. बाई बारीक झाली की घरच्यांनाच आधी खुपतं. जाड होती तेव्हा कुणी आलं नाही विचारायला.

६ मे

चौऱ्याऐंशी. सुजलेले सांधे दोन. दापा आला नाही, ती एकटीच आली, आणि आमच्या जिन्यावर दोनदा बसली. मी वरून बघितलं.

ईएसआर एकशेदहा.

प्रोफ म्हणाले, जूनमध्ये राजधानीत, आक्राला, देशभरचे सांध्यांचे डॉक्टर जमणार आहेत, तिथे पहिल्या पाच महिन्यांचे आकडे मांडायचे, आणि मांडणार मी. मी. ते बाजूला बसणार. एका बाईचा आलेख मोठा करून दाखवायचा, वजनाची रेघ आणि सांध्यांची रेघ हातात हात घालून उतरताना. कुठली बाई ते सांगायची गरज नव्हती.

ईएसआरचा विषय मी पुन्हा काढला नाही. काढायला हवा होता का? तोंडाशी आला होता.

१९ मे

लेप्टिनचे आकडे आले. तेवीस नंबर: जानेवारीत बासष्ट, आता अकरा. एवढी घसरण दुसऱ्या कुणाची नाही, जवळपाससुद्धा नाही. चरबीतलं दुसरं हॉर्मोन, ॲडिपोनेक्टिन, दुपटीने चढलंय. बारीक माणसात ते चढतंच. प्रोफनी कागद हातात घेतला आणि उभ्यानेच वाचला.

बाकीच्या एकोणसाठ जणींत रेघ इकडेतिकडे भटकते. तेवीसला धरून ती सरळ होते. हे बरं की वाईट, मला ठरवता येत नाही. एकाच बाईच्या खांद्यावर सगळं छप्पर आहे असं वाटतं.

३१ मे, शनिवार

आज झालं ते लिहून ठेवते.

तिचा फोटो हवा होता, उखळाशी बसलेला, तिच्या संमतीने. दुपारी सुआमेला गेले. गर्दीची वेळ, पण बाकं अर्धी रिकामी. दापा मुसळ मारत होता आणि बिरागो गोळा फिरवत होती. हात वेळेवर जात होता, वेळेवर येत होता. मी फोन काढला. मनात म्हटलं, हेच दाखवायचं. हे हात.

मग तिला खोकल्याची उबळ आली. तिने उखळातला हात वर केला, दापाने मुसळ वरच्या वर थांबवलं. ती बाजूला वळून वाकली आणि पदरासारखं खांद्यावरचं कापड तोंडाला लावलं. खोकला थांबेना. मी पुढे जाऊन तिला धरलं. पाठीची हाडं माझ्या तळहाताला लागली, स्वेटरच्या आतून, एकेक मोजता येईल अशी. अंग तापलेलं. कापड खाली आलं तेव्हा त्यावर रक्त होतं. लाल, ताजं, बोटभर.

"कधीपासून?" मी विचारलं.

"रक्त? चार-पाच दिवस."

"आणि खोकला?"

"तुम्हाला माहीत आहे की, सिस्टर. तुमच्यापुढेच खोकते मी."

मी तिला रिक्षात घातलं आणि आपत्कालीन विभागात नेलं. दापा मागून पिठाच्या हातांनीच आला.

२ जून

थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. उजव्या फुप्फुसात वर पोकळी. जानेवारीचा एक्स-रे स्वच्छ होता. आम्ही दिलेल्या गोळ्या सांध्यांतली आग विझवताना अंगातला पहारेकरीही झोपवतात, म्हणून तर ते चार प्रश्न असतात. कदाचित जंतू जुनेच होते, निजलेले. आम्ही पहारा काढला. ती वाळत गेली, आणि मी दर महिन्याला टाळ्या वाजवल्या.

लेप्टिन आहाराने पडलं नव्हतं. क्षयाने तिला आतून खाल्लं आणि चरबीबरोबर लेप्टिन गेलं. सांधे निवले ते स्टिरॉइडने आणि वाढवलेल्या मात्रेने. ही सरळ गोष्ट मला दिसली नाही. दापाला दिसली होती. समोरच्या खानावळीतल्या गिऱ्हाइकांनासुद्धा अर्धी दिसली.

प्रोफना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फॉर्मवर काय लिहिलंय? खोकल्याचं?"

"नाही असं लिहिलंय," मी म्हटलं.

"म्हणजे तिने सांगितलं नाही."

ते तसंच समजले. तिथेच बोलायला हवं होतं. नाही बोलले.

३ जून

आज दवाखान्याचा दिवस. खुणा केलेले फॉर्म बाजूला टाकले, कोरे घेतले आणि एकेका बाईला समोर बसवून चारही प्रश्न विचारले. संध्याकाळचे साडेपाच वाजले. बायका वैतागल्या. सहा नंबर म्हणाली, "आज काय पोलीस झालात का?"

एक्केचाळीस नंबरची शिक्षिका म्हणाली, तीन आठवडे खोकला आहे, थोडा ताप येतो. "मग आधी का नाही सांगितलंत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुणी विचारलं?" ती म्हणाली. रागाने नाही. सहज.

तिची थुंकी पाठवली. बहुधा वेळेवर.

मार्च, एप्रिल, मे. तीन महिने, साठ बायका, चार प्रश्न. सातशेवीस खुणा माझ्या हातच्या. हे फक्त मला माहीत आहे. अक्षर एक, पेन एक, कुणी शोधू म्हटलं तरी सापडणार नाही. पदवी, आक्रा, सगळं अजून जागेवर आहे. बिरागोने लपवलं असंच सगळे समजतील. तिला वाचताही येत नाही.

हे शेवटचं वाक्य लिहिल्यावर स्वतःचीच किळस आली.

४ जून

सकाळी आठला प्रोफच्या दारात उभी राहिले आणि बसायच्या आत सांगून टाकलं.

ते उठून खिडकीशी गेले. मला वाटलं ओरडतील. म्हणाले, "एप्रिलमध्ये तुम्ही मला ईएसआर विचारला होता."

"हो."

"मी किटवर ढकललं. मला तो आलेख हवा होता." मग माझ्याकडे वळून, "नीतिसमितीला पत्र जाईल. तुमचं तुम्ही लिहा, माझं मी लिहितो. एकमेकांचं वाचायचं नाही."

दुपारपर्यंत दीड पान लिहिलं. कारणं लिहीत गेले आणि खोडत गेले. शेवटी तीन ओळी उरल्या.

१० जून

छातीच्या वॉर्डात गेले. समितीने अभ्यास थांबवलाय, मला त्यातून काढलंय. आक्राला कुणीच गेलं नाही. एक्केचाळीस नंबरलाही क्षय निघाला, पण सुरुवातीचा, पोकळी नाही.

बिरागो उशीला टेकून बसली होती. गालांची हाडं वर आलेली, डोळे मोठे. दापाने आणलेलं सूप वाडग्यात निवत होतं. मी मास्क लावून स्टूल ओढलं आणि सांगितलं. चार प्रश्न काय होते, मी काय केलं, कधीपासून.

ती ऐकत होती.

"म्हणजे त्या कागदावर असं आहे, की मी नाही म्हणाले."

"हो."

"मी खोटं बोलले असं."

"हो. मी ते लेखी दुरुस्त केलंय. तुम्हाला विचारलंच नव्हतं, असं लिहून दिलंय."

तिने बोटं चादरीवरून फिरवली. "फेब्रुवारीत तुम्ही विचारलंत, गोळ्या घेता का. तेव्हाच मला कळलं होतं, ही बाई माझं ऐकणार नाही. म्हणून पाकिटं आणली होती. खोकला कशात बांधून आणायचा?"

ती म्हणाली, "जा आता. दमले मी." मी वाडगा तिच्या हाताशी सरकवला. तिने तो माझ्यासमोर उचलला नाही.

१७ ऑगस्ट

तीन महिने होत आले तिच्या औषधांना. ताप गेला, खोकला गेला, वजन अठ्ठ्याहत्तर. पण क्षयासाठी सांध्यांची गोळी बंद केली, आणि क्षयाच्या औषधाने स्टिरॉइडचाही जोर घटवला. सांधे पुन्हा पेटलेत. दापा सांगत होता, सकाळी भिंतीला खांदा लावून उठते. गोळा फिरवायला आता दापाची बायको बसते, तिला घाव चुकवता येत नाही, म्हणून फुफूत गुठळ्या राहतात. गिऱ्हाईक मात्र परत यायला लागलंय.

माझी नेमणूक ड्रेसिंगच्या खोलीत झाली. समितीच्या परवानगीने अभ्यास नव्या सिस्टरने, नव्या फॉर्मवर पुन्हा सुरू केलाय. पदवीचं कुणी बोलत नाही, मीही नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

ती आज ड्रेसिंगच्या खोलीत आली. मी मान वर करण्याआधी चपलांचा आवाज ओळखला. वजन एकोणनव्वद, तिनेच सांगितलं. क्षयाची औषधं संपली, थुंकी दोनदा स्वच्छ आली. हात मात्र बघवत नाहीत. उजव्या हाताची दोन बोटं बाहेरच्या बाजूला झुकली आहेत, आणि ती आता परत येणार नाहीत.

"प्रोफ म्हणतात, ती आठवड्याची गोळी पुन्हा सुरू करू. कमी मात्रा, चारच. नाही घेतली तर बाकीची बोटंही जातील म्हणतात." पाकीट तिच्या बगलेत होतं. "तुमची बहीण असती तर?"

"मला का विचारताय? मी त्या कामावर नाही आता."

"म्हणूनच विचारतेय. तुम्हाला आता माझ्यातून काही मिळवायचं नाही."

मी हात धुतले, पुसले, मग बोलले. "दिली असती. भीत भीत. दर आठवड्याला घरी जाऊन तिच्यासमोर बसले असते. आणि क्षय पुन्हा होणार नाही असं तिला सांगितलं नसतं, कारण मला माहीत नाही. चरबी, हॉर्मोन, गोळी, यांचं आपसात काय चालतं ते आम्हाला अजून अर्धंच कळलंय."

"प्रोफ अर्धं नाही म्हणत."

"प्रोफही हल्ली म्हणतात."

ती जरा हसल्यासारखी झाली. मग खाटेच्या कडेवर बसली आणि पाकीट पुढे केलं. तिच्या बोटांना ती पन्नी फाडता येत नव्हती. मी चार गोळ्या काढून तिच्या तळहातावर ठेवल्या, आणि तिने त्या एकेक करून घेतल्या, प्रत्येकीला वेगळा घोट, घाई न करता.

"तुम्हाला माफ केलं असं समजू नका," ती म्हणाली.

"नाही समजत."

"पण दर मंगळवारी मी इथेच येणार. पन्नी तुम्हीच फाडायची. त्या नव्या पोरीला मी ओळखत नाही."

मी हो म्हटलं. ती जिना उतरून गेली, न बसता. बाहेर हात भाजलेला एक वेल्डर केव्हाचा थांबला होता. त्याला आत घेतलं.